कान्हेरीचें पाणी

बोरिवली म्हटलें कीं आगगाडीची गर्दी आणि उंचच उंच इमारती डोळ्यांपुढें येतात. त्याच बोरिवलीच्या पूर्वेस सुमारें 103 चौरस किलोमीटरांचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, व त्या अरण्याच्या पोटांत कान्हेरीचीं शंभराहून अधिक लेणीं आहेत. मुंबईकरांपैकीं पुष्कळांस हें ऐकून ठाऊक असतें. पाहून ठाऊक असणारे थोडे. शिलालेखांत या डोंगरास ‘कृष्णगिरि’ म्हटलें आहे. प्राकृतांत त्याचें ‘कण्हगिरि’ झालें, आणि तेंच आपल्या तोंडीं ‘कान्हेरी’ होऊन बसलें.

गेल्या मार्गशीर्षांत घरचीं लहानथोर अकरा माणसें घेऊन आम्ही तेथें गेलों. वनखात्याच्या परवानगीनें एक रात्र तंबूंत काढली. मुलांनीं तंबूच्या खुंट्या ठोकल्या, ओढ्याच्या कोरड्या पात्रांतून भटकंती केली, साग, ऐन व पळस पानांवरून ओळखण्याची पैज लावली. अरण्यांत बिबट्यांची वस्ती असल्यामुळें काळोख पडल्यावर तंबूबाहेर जाण्यास मनाई होती, आणि चूल पेटवावयाची नव्हती. म्हणून दशम्या, दाण्याची चटणी व मेतकूट घरूनच नेलें होतें. पिण्याचें पाणीही बरोबरच होतें. सूनबाईंनीं पहिल्याच संध्याकाळीं माणशी तांब्यांचा हिशेब ठरवून दिला. घरीं तोटी उघडी टाकून दात घासणारीं मुलें त्या रात्रीं पेला दोन्ही हातांनीं धरून पाणी पीत होतीं.

दुसऱ्या दिवशीं लेण्यांवर गेलों. तिसऱ्या क्रमांकाचें चैत्यगृह सुमारें 86 फूट लांब असून त्यांत 34 खांब आहेत. ओवरीच्या दोन्ही टोकांस सुमारें 23 फूट उंचीच्या दोन बुद्धमूर्ति उभ्या आहेत. नातवंडांनीं त्यांच्यापुढें उभें राहून आपली उंची अजमावली. परंतु वाचकहो, आमचें मन गुंतलें तें याहून लहान गोष्टींत. जवळजवळ प्रत्येक राहत्या लेण्याच्या अंगणांत खडकांत खोदलेलें टांकें आहे. पावसाळ्यांत कातळावरून वाहणारें पाणी बारीक पन्हळींनीं त्यांत आणून सोडलें आहे. डोंगरमाथ्यावर बारमाही नदी नाहीं. चार महिन्यांच्या पावसावर शेंकडों भिक्षूंनीं उरलेले आठ महिने काढावयाचे होते. शिलालेखांत या टांक्यास ‘पोढी’ असा प्राकृत शब्द आहे. मार्गशीर्षांतही कित्येक पोढ्यांत पाणी होतें. मात्र आज तें पिण्याजोगें समजूं नये.

आमच्या वडील भगिनी आक्का म्हणाल्या, “हीं पांडवांनीं एका रात्रींत कोरलीं.” ही समजूत महाराष्ट्रांत गांवोगांवच्या लेण्यांविषयीं आढळते. परंतु येथील भिंतीच बोलक्या आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारापासून पुढें सुमारें हजार वर्षें येथें खोदकाम व दानधर्म चालू होता. कल्याण, सोपारें येथील व्यापारी, सोनार, गृहस्थ, त्यांच्या घरच्या स्त्रिया, यांनीं कोणी लेणें दिलें, कोणी पोढी दिली, कोणी भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं कायमची ठेव ठेवली. ठेवीस शब्द आहे ‘अक्षयनीवि’: मुद्दलास हात लावावयाचा नाहीं. एका लेखांत मंगलस्थान येथील शेत दिल्याचा उल्लेख आहे. तें मंगलस्थान म्हणजे बोरिवलीजवळचें मागाठाणें. आज तें नांव मेट्रोच्या स्थानकावर झळकतें.

पांचव्या लेण्याजवळच्या एका पोढीवरील संस्कृत लेख आम्हांस विशेष वाटला. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही एका महाक्षत्रपाची कन्या. तिच्याशीं संबंध असलेल्या सतेरक नांवाच्या अमात्यानें ही पोढी दान दिली. महाक्षत्रपाच्या नांवाचें पहिलें अक्षर ‘रु’ एवढेंच उरलें आहे. तो रुद्रदामन् असावा असें पुष्कळ विद्वान मानतात. त्याच रुद्रदामनाचा इ. स. 150 च्या सुमाराचा लेख जुनागडास आहे. सातकर्णीस आपण दोनदां जिंकलें, पण निकटच्या नात्यामुळें त्याचा उच्छेद केला नाहीं, असें तो त्यांत सांगतो. आणि तो लेख आहे तरी कशाचा? फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बांध पुन्हां बांधल्याचा! दोन राजकुळांचें वैर मिटलें, राज्येंही गेलीं. दोन्हींकडे दगडावर राहिलें तें पाण्याचें काम.

याच डोंगरांच्या कुशींत 1860 सालीं विहार व 1879 सालीं तुळशी हे तलाव पुरे झाले, आणि त्यांचें पाणी आजही मुंबईस मिळतें. म्हणजे हा कृष्णगिरि दोन हजार वर्षें पाणी सांठवून माणसांस पाजीत आला आहे.

ज्यांस जाणें असेल त्यांनीं सोमवार टाळावा. त्या दिवशीं उद्यान बंद असतें. वृद्धांनीं पायऱ्या सावकाश चढाव्या. मुलांना मूर्ति दाखवाव्याच, पण पन्हळींवरून बोट फिरवून पाणी कोठून कोठें जाई तेंही दाखवावें. आपल्या घरीं अक्षय्य तृतीयेस उदककुंभाचें दान होतें. तो कुंभ हातीं देतांना सतेरकाच्या पोढीची गोष्टही मुलांस सांगितली, तर त्या दानाचा अर्थ त्यांस निराळा शिकवावा लागणार नाहीं.