गाझियाबादचे ऊन आणि दुसरा मोजा

दिल्लीहून मेट्रोच्या लाल मार्गाने पूर्वेला निघाले, की हिंडन नदी ओलांडून गाडी शहीद स्थळ या शेवटच्या स्थानकावर थांबते. 2019 साली मेट्रो इथवर आल्यापासून आमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ वाढली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "गाझियाबादमध्ये पाहण्यासारखं काय आहे?"

मोगल सरदार गाझीउद्दीनने 1740 साली हे गाव वसवले. मूळ नाव गाझीउद्दीननगर. रेल्वे आली आणि ते आटोपशीर झाले. दिल्ली गेट, डासना गेट, सिहानी गेट ही जुन्या वेशींची नावे अजूनही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. पण पाहुणे जानेवारीत आले असतील, तर मी त्यांना सरळ गच्चीवर नेते.

इथली थंडी साताऱ्याच्या थंडीसारखी गुलाबी नाही. सकाळी धुक्यात समोरची इमारतसुद्धा दिसत नाही. अकराच्या सुमारास धुके फिटले, की साऱ्या गच्च्यांवर खाटा पडतात. कोणी मटार सोलते, कोणी हलव्यासाठी गाजरे किसते आणि पिशव्यांतून लोकरीचे गोळे बाहेर येतात. आपल्याकडे विणकाम म्हणजे बाळंतविड्यातले टोपडे आणि मोजे. इथे फाळणीनंतर पंजाबातून आलेली कितीतरी कुटुंबे स्थायिक झाली. त्या घरांतल्या आज्या सुयांकडे न पाहता, गप्पा मारत अख्खा स्वेटर उतरवतात. लुधियानाच्या तयार स्वेटरांनी बाजार भरल्यापासून विणणाऱ्या कमी झाल्या आहेत, पण आमची गच्ची अजून टिकून आहे.

यांच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो आणि त्या गच्चीवर मीही विणायला शिकले. सुरू करायला म्हणायचे तर फारच पटकन शिकले! तुराबनगरच्या बाजारात बांगड्या घ्यायला जावे आणि येताना लोकर घेऊन यावे. माझ्या ट्रंकेत यांचा बिनबाह्यांचा स्वेटर आहे, लेकीचे पोंचू आहे (ती आता कॉलेजात आहे), एक शाल आहे; तिची लोकर संपली आणि त्याच लॉटचा रंग पुन्हा मिळाला नाही. फेब्रुवारी संपता संपता ऊन तापते, लोकर हाताला चिकटते आणि सगळे ट्रंकेत जाते. पुढच्या थंडीत नवा नमुना खुणावतो.

त्या ट्रंकेत सासूबाईंचा मोजाही होता. साताऱ्यात त्यांचे पाय रात्री गार पडत. तिथे जाड मोजे उकडतात, म्हणून मी जाळीचे विणायला घेतले. जाळीची वीण दिसते अवघड, पण हिशेब सोपा आहे. दोरा सुईवर घेतला की भोक पडते आणि एक टाका वाढतो. लगेच दोन टाके एकत्र विणले की संख्या जुळते. जाळी फक्त वरच्या बाजूला ठेवायची. तळवा आणि टाच साधी, घट्ट विणायची, म्हणजे टोचत नाही. थोडे नायलॉन मिसळलेली शंभर ग्रॅम बारीक लोकर जोडीला पुरते.

पहिला मोजा हौसेने झाला. पुण्याला निघालेल्या पाहुण्यांबरोबर पाठवूनही दिला. दुसऱ्याची टाच वळवायची होती, तेवढ्यात नवा स्वेटर सुईवर चढला. दोन हिवाळे गेले. एकदा सासूबाईंचा फोन आला, "अगं, छान आहे मोजा. एक दिवस उजव्या पायात घालते, एक दिवस डाव्या." त्या हसत होत्या. वय शहाऐंशी. मला मात्र हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रंक गच्चीवर नेली. शेजारच्या चाचीजींनी एकेक नग पाहिला आणि निकाल दिला, "जिसका इंतज़ार हो रहा है, पहले वो." शालीची लोकर उसवून त्यांनी माझ्यासमोर गोळा केला, पोंचू कोणाच्या तरी नातीला दिले. मोजा कुठवर आला होता, हेच मी विसरले होते. त्यांनी तो तीन ओळी उसवला, टाक्यांतून एक वेगळ्या रंगाचा दोरा ओवला आणि म्हणाल्या, आता चुकलीस तरी इथवरच उसवावे लागेल. तेव्हापासून प्रत्येक विणीला मी तसा दोरा ओवते, ओळ लिहिलेली चिठ्ठी टाचते आणि मोज्यांची जोडी दोन वेगळ्या सुयांवर बरोबरीने विणते.

संक्रांतीला साताऱ्याला गेलो, तेव्हा बोटांकडचा भाग बाकी होता. तो मी सासूबाईंच्या खाटेवर बसूनच पुरा केला. त्या शेवटचा टाका बंद होईपर्यंत पाय पुढे करून बसल्या होत्या.

यांचा स्वेटर अजून ट्रंकेत आहे. चाचीजींनी मला यंदाचा हिवाळा दिला आहे.