लंडनच्या नाणेदालनांत

ब्रिटिश म्यूझियम पाहावयास जाणारा आपल्याकडील प्रवासी मिसरच्या ममी आणि अमरावतीचीं शिल्पें पाहूनच थकतो. अडुसष्ट क्रमांकाच्या दालनापर्यंत, म्हणजे नाण्यांपर्यंत, त्याची पावलें सहसा पोंचत नाहींत. चिरंजिवांकडे मुक्काम असतां मीं तेथें तीन दिवस दुपारचा वेळ घालविला, आणि शेक्सपिअरच्या नाटकांतून ऐकलेल्या कांहीं राजांची निराळीच ओळख झाली.

मध्ययुगीन इंग्लंडचें मुख्य नाणें म्हणजे चांदीची पेनी. आकारानें ती आपल्या जुन्या चांदीच्या पावलीएवढी, परंतु पत्र्यासारखी पातळ. वजन जेमतेम दीड मासा. एका बाजूस राजाचा मुखवटा व नांव. दुसऱ्या बाजूस क्रूस, आणि त्याभोंवतीं नाणें पाडणाराचें व गांवाचें नांव. चिल्लर हवी असल्यास क्रुसाच्या रेघेवर पेनीचे दोन किंवा चार तुकडे करीत. मुखवट्यावरून राजा ओळखूं जाल तर फसाल; तें राजचिन्ह होय, तसबीर नव्हे.

एथेलरेड या नांवाचा अर्थ ‘उदात्त मंत्रणा’; लोकांनीं मागाहून जोडलेल्या उपपदाचा अर्थ ‘कुमंत्रणा’. आपल्या कवींनींहि दाद द्यावी असा हा शब्दखेळ! डेन लोकांस खंडणी देऊन देऊन तो बदनाम झाला, आणि त्याच्या पेन्या स्वदेशापेक्षां स्कँडिनेव्हियाच्या भूमींतच अधिक सांपडतात. तथापि पन्नासांहून अधिक गांवच्या टांकसाळी त्याच्या आज्ञेनें एकच छाप पाडीत व तो ठराविक काळानें बदलीत. हा कारभार दुबळ्या हातांचा खास नव्हे.

जॉनइतका बदलौकिक मात्र क्वचितच कोणाच्या वांट्यास आला असेल. पुतण्याच्या घाताचा संशय, सरदारांची पिळवणूक, आणि १२१५ सालीं नाइलाजानें मान्य केलेला मॅग्ना कार्टा! त्याची पेनी पाहावी तों नाण्यावर नांव ‘हेन्रिकस’! दुसऱ्या हेन्रीनें ११८० सालीं सुरू केलेला छाप तो ११८९ मध्यें वारल्यावरहि मोडला नाहीं. रिचर्ड, जॉन, तिसरा हेन्री असे राजे आले, तरी १२४७ पर्यंत पेनी त्याच छापाची राहिली. कंपनी सरकार शहा अलमच्या नांवानें, ‘सन १९’ न बदलतां, वर्षानुवर्षें रुपये पाडीत होतें, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. लोकांचा विश्वास ओळखीच्या छापावर असतो. जॉननें स्वतःचें नांव घातलें तें आयर्लंडमधील नाण्यांवर.

पण याच जॉननें १२०५ सालीं झिजलेलीं, कातरलेलीं नाणीं मोडून नवीं पाडविलीं. उलट सिंहहृदय रिचर्ड दहा वर्षांच्या कारकीर्दींत इंग्लंडांत जेमतेम सहा महिने राहिला, आणि त्यास कैदेंतून सोडविण्यासाठीं प्रजेला चांदीचे ढीग ओतावे लागले. पार्लमेंटपुढें अश्वारूढ पुतळा आहे तो मात्र रिचर्डचा. बखरी बहुतेक मठवासीयांनीं लिहिल्या, आणि जॉनचें पोपशीं वैर होतें, हेंहि ध्यानांत घ्यावें.

मन विषण्ण झालें तें पहिल्या एडवर्डच्या नाण्यापाशीं. ‘इंग्लंडचा जस्टिनियन’ म्हणून कायदेपंडित त्यास गौरवितात. १२७९ सालची त्याची पेनी इतकी सुबक कीं समुद्रापलीकडेहि तिच्या नकला निघाल्या. परंतु त्याआधीं, १२७८ च्या नोव्हेंबरांत, नाण्यांच्या कडा कातरल्याच्या आरोपावरून सुमारें ६८० यहुदी बंदींत पडले. अडीचशेंहून अधिक फांशीं गेले. त्याच आरोपांत ख्रिस्ती लोक बहुधा दंड भरून सुटले. उरलेल्या यहुद्यांस १२९० मध्यें देशाबाहेर घालविलें. अशा राजास ‘थोर’ म्हणतांना माझी तरी जीभ अडखळते.

संग्रहाची हौस असणारांस एक सूचना. कडा कातरलेली, पुसट पेनी तेथें आजहि बेताच्या किंमतींत मिळते. जमिनींत सांपडणाऱ्या धनाविषयीं १९९६ चा कायदा आहे, म्हणून खात्रीच्या विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावी. चिरंजिवांनीं घेतलेल्या पेनीवर मागें ‘विलेम, लंडन’ अशीं अक्षरें लागतात. पुढें अर्थातच हेन्रिकस. विक्रेत्याच्या चिठीवर मात्र ‘जॉन’ लिहिलें आहे, आणि तें त्यानें ठरविलें मुखवट्याच्या केसांतील बटा मोजून.