दादांचा कॉम्प्युटर आणि चार जीबी



मागच्या महिन्यात, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरची पेटी उघडली. पेटी माझी नव्हती. ज्यांची होती त्यांच्याशी माझं पस्तीस-छत्तीस वर्षं धड बोलणं नव्हतं. म्हणून हे लिहितो आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी इंदूरचाच. 1972 साली बी.कॉम. झालो आणि पुढच्याच वर्षी बँकेत लागलो. नाव-गाव इथे सांगत नाही, पण ज्यांच्याबद्दल सांगतोय ते आमच्या शाखेतले सीनियर. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. रामबागेत राहायचे, अजूनही तिथेच आहेत. मला लेजर लिहायला त्यांनी शिकवलं. सेव्हिंग्जचं व्याज तेव्हा महिन्याच्या दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर काढायचं असे. शेकडो खात्यांचं हाताने. मग टोटल टॅली करायची. एका पैशाचा फरक आला तरी तो सापडल्याशिवाय कुणी उठायचं नाही. 31 डिसेंबरच्या क्लोजिंगला रात्रीचे दोन वाजायचे, आणि तिथून दादा आम्हाला सराफ्यात गराडू खायला न्यायचे. पैसे तेच द्यायचे.

मग आली मशीनं. 1984 साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर शाखांमधून लेजर पोस्टिंगची मशीनं बसायला लागली. दादा युनियनचे. त्यांचा कडक विरोध. काळ्या फिती मीही लावल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण आमच्या शाखेला मशीन मिळायची वेळ आली तेव्हा साहेबांनी ट्रेनिंगसाठी माझं नाव दिलं आणि मी हो म्हटलं. घरी दोन लहान मुली, वडिलांचं आजारपण, रोज रात्री नऊला घरी पोचणं. मला त्या बॅलन्सिंगचा कंटाळा आला होता. एवढंच कारण. तत्त्व वगैरे काही नव्हतं.

ट्रेनिंगहून परत आलो त्या दिवशी दादांनी डब्याच्या टेबलावरून आपला डबा उचलला आणि खिडकीपाशी जाऊन बसले. भांडण नाही, शब्द नाही. पुढे माझी बदली झाली, प्रमोशनं झाली, दोघंही रिटायर झालो. गणपतीत किंवा कुणाच्या लग्नात समोर आलो की मान हलवायची, बस.

तर मागच्या महिन्यात त्यांचा फोन. आवाज थकलेला, पण तोच. "मशीन बिघडलंय. तू तेव्हाचा मशीनवाला. ये."

गेलो. दादा आता ऐंशीचे. वहिनी गेल्या, मुलगा परदेशात. टेबलावर दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप, शेजारी त्याहून जुना स्कॅनर, आणि खोलीभर फोटो. बँकेचे ग्रुप फोटो! निरोपसमारंभ, सहली, शाखेची उद्घाटनं. गेली दोन वर्षं ते एकेक फोटो स्कॅन करून त्यात कोण कुठे उभं आहे ते टाईप करत होते. म्हणाले, "यातले निम्म्याहून जास्त गेले. नावं मलाच माहीत आहेत. मी गेलो की हे नुसते कोट घातलेले लोक उरतील."

अडचण अशी की फोटो उघडायलाच पाच मिनिटं लागत होती. आदल्या संध्याकाळी सगळं गोठलं आणि सतरा नावं टाईप केलेली गेली. मुलाचं म्हणणं, फेकून द्या, नवा लॅपटॉप पाठवतो. पण त्यांचा जुना स्कॅनर नव्या मशीनशी जमेल याची खात्री नाही, आणि या वयात सगळं नव्याने शिकायचं म्हणजे वर्ष जाणार. "वर्ष आहे कुठे माझ्याकडे?" असं ते अगदी सहज बोलून गेले.

मी इंजिनियर नाही. पण एक साधी गोष्ट मला ठाऊक होती. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी बघायची. एकूण 4 जीबी, त्यातली 94 टक्के वापरात. खाली लिहिलेलं, दोनपैकी एकच खाच भरलेली. म्हणजे एक रिकामी!

दादांना विचारलं, हार्ड डिस्क निम्मी मोकळी आहे, मग हा अडतो कशाला? मी त्यांना आमच्याच भाषेत सांगितलं. हार्ड डिस्क म्हणजे आपली रेकॉर्ड रूम. रॅम म्हणजे काउंटरवरचं टेबल. रेकॉर्ड रूम कितीही मोठी असू द्या, टेबलावर दोनच लेजर मावत असतील तर तिसरं मागवताना एक परत पाठवावं लागतं. दफ्तरी बिचारा दिवसभर पळतो आणि काउंटरवर रांग वाढते. तुमच्या पिवळ्या पडलेल्या मोठ्या फोटोची रंगीत स्कॅन 600 डीपीआयवर 100 एमबीच्या आसपास जाते, आणि तुम्ही पाच-सहा एकदम उघडता. ते लाल दिवा सारखं लुकलुकतंय ना, तो दफ्तरी पळतोय.

दादा हसले. इतक्या वर्षांनी त्यांना हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन रॅम घेऊन आलो. चांगली नवीन, डीडीआर-4. आणि इथेच शहाणपण संपलं. खाचेत बसेचना. मी जोर लावायला गेलो तर दादा मागून म्हणाले, "जबरदस्ती करू नको." बरोबर होतं त्यांचं. पट्टीच्या कडेला एक कट असतो, तो प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी. चुकीची पट्टी बसूच नये म्हणूनच तो ठेवलेला असतो. जोर केला असता तर खाचच गेली असती.

तेव्हा आधीची पट्टी काढली, कागदात गुंडाळली आणि तीच घेऊन पुन्हा दुकानात गेलो. हे पहिल्यांदाच करायला हवं होतं. काउंटरवरच्या पोराने स्टिकर वाचलं आणि म्हणाला, "अंकल, इसमें डीडीआर थ्री लगेगी, सोला सौ वाली. सेकंड हँड मिलेगी." तशीच 4 जीबीची दुसरी मिळाली. पहिली त्याने मुकाट्याने परत घेतली.

मंडळी, कुणाला करायचं असेल तर क्रम सांगतो. कॉम्प्युटर नीट बंद करा, भिंतीतला प्लग काढा, मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज जाते. थंडीत स्वेटर घालून हे काम करू नका, अंगावरच्या विजेचा झटका पट्टीला बाधतो. पेटीच्या उघड्या लोखंडाला आधी हात लावा. पट्टी कडेने धरा, सोनेरी दातांना बोट नको. कट जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. कडेच्या खिट्ट्या 'टक्' करून आपोआप मिटतात. आणि आधी टास्क मॅनेजर बघाच. मेमरी भरलेलीच नसेल तर रॅम वाढवून उपयोग नाही, दुखणं दुसरीकडे आहे.

आम्ही हे सगळं केलं, बटण दाबलं, आणि पेटी नुसती 'पीं पीं' करू लागली. पडदा काळा. माझ्या पोटात गोळा आला. दोन वर्षांचं काम त्यात होतं आणि कॉपी कुठेच नव्हती. दादा काही बोलले नाहीत, खुर्चीत बसून राहिले. मी पुन्हा प्लग काढला, दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या, दात नातवाच्या खोडरबरने हलकेच पुसले. टॉर्च मारून पाहिलं तर डावी खिट्टी अर्धीच मिटलेली. परत बसवल्या. या वेळी दोन्हीकडे 'टक्' ऐकू आलं.

चालू झाला. मेमरी 8 जीबी, खाचा दोनपैकी दोन. दादांनी सहा फोटो एकामागून एक उघडले. दफ्तरी जागेवर बसलेला.

मी गंमत म्हणून हिशेब सांगितला. डॉसच्या काळात प्रोग्रामला 640 केबी मेमरी मिळायची, त्याच्या ही तेरा हजार पट. दादा पडद्याकडे बघत म्हणाले, "आणि त्या 640 ने माणसं किती खाल्ली, तो हिशेब केलास?"

इतकी वर्षं जे टाळलं ते समोर आलं. मी खरं तेच बोललो. मशीन आल्यावर मी संध्याकाळी सहाला घरी जाऊ लागलो. मुलींचा अभ्यास घेतला, वडिलांच्या शेवटच्या वर्षी त्यांच्याजवळ होतो. पण पुढे आमच्या शाखेत जे रिटायर झाले त्यांच्या जागी नवीन क्लार्क आले नाहीत, हेही मी पाहिलं होतं. वरच्या खुर्चीत बसून मीच ते कागद पुढे पाठवले होते. कामावरून कुणाला काढलं नाही, पण दार बंद झालं. आपल्या वाड्यांमधली बी.कॉम. झालेली किती मुलं त्या दाराशी थांबली असतील.

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नऊ वाजेपर्यंत माणसं बसवून ठेवणंही बरोबर नव्हतं. ते मी कधी बोललो नाही." एवढंच. कोणी कुणाची माफी मागितली नाही.

नंतर त्यांनी एक फोटो उघडला. मशीनची पूजा, नारळ, हार, साहेब, आणि मशीनशेजारी बारीक मिशीतला मी. दादा त्या दिवशी बाहेर घोषणा देत होते, त्यामुळे फोटोत नाहीत. सगळ्यांची नावं टाईप केलेली होती, माझंही. नावापुढे पदाच्या जागी लिहिलं होतं, 'लेजर उत्तम लिहीत असे.'

खालची तारीख पाहिली. मला फोन करण्याच्या चार महिने आधीची.

त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्या फोटोंची कॉपी दोन पेनड्राईव्हवर केली. एक त्यांच्या कपाटात, एक माझ्याकडे. आता दर गुरुवारी जातो. ते नाव सांगतात, मी टाईप करतो. थंडी पडली आहे, परवा येताना सराफ्यातून गराडू बांधून आणले. पैसे मी दिले.

तुमच्या घरी असे ग्रुप फोटो असतील तर मागे पेन्सिलीने नावं तरी लिहून ठेवा. ज्यांना ओळखू येतात त्यांच्याजवळ बसून, आजच.