ब्लेड बसते कुठे?

जुन्या सेफ्टी रेझरांची यादी करायला बसले, की पहिला रकाना हमखास आखला जातो तो ब्रँडचा. त्याचे कारणही उघड आहे. जेम, एव्हर-रेडी, स्टार, व्हॅलेट, शिक, रोल्स ही नावे धातूवर खोल ठसवलेली असतात आणि यादी करणाऱ्याला वाटते, अर्धे काम कारखानदारानेच करून ठेवले. एकधारी रेझरांच्या, म्हणजे ज्यांच्या पात्याला एकाच बाजूने धार असते अशा रेझरांच्या बाबतीत, हा पहिला रकानाच सगळी यादी बिघडवतो असे माझे मत आहे. रेझर कोणत्या जातीचा आहे, हे त्यात पाते कुठे बसते आणि ते कशाने धरून ठेवले जाते यावरून ठरते. त्यानंतर वस्तूवर आणि डबीवर जे जे दिसते ते लिहावे, आणि ब्रँड अगदी शेवटी. हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. यातले बरेच रेझर पितळी असतात. वरचा निकेलचा मुलामा उडाला आणि नाव पुसट झाले, की नागपूरच्या इतवारीसारख्या बाजारात अशी वस्तू पितळेच्या भावाने मोडीत जायला वेळ लागत नाही. नावावरच उभी असलेली यादी अशा वस्तूला ओळखच देऊ शकत नाही.

नावांचा भरवसा का धरू नये, याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकन सेफ्टी रेझर कंपनीचे. स्टार हा रेझर न्यूयॉर्कच्या कॅम्फे बंधूंचा; त्यांचे पहिले पेटंट 1880 सालचे. जेम ही वेगळी कंपनी, एव्हर-रेडी आणखी वेगळी. पुढे ही तिन्ही नावे या एकाच कंपनीच्या छताखाली आली. ब्रँडवार यादीत ही तीन घराणी तीन पानांवर जातात. पण विसाव्या शतकातले त्यांचे रेझर शेजारी ठेवले, तर पात्याची बैठक बहुतांशी एकच दिसते आणि एकाचे पाते दुसऱ्यात बसते. उलट बाजूने शिक घ्या. जेकब शिक यांचा 1926 सालचा रेझर दांड्यात पाती साठवणारा, एकधारी. त्यातूनच पुढे इंजेक्टर आला. त्याच शिक यांच्या नावाने विजेवर चालणारे यंत्र निघाले आणि पुढे दुधारी रेझरही. एकाच नावाखाली तीन जाती! जिलेटचे नाव आपल्याकडे दुधारी पात्याशी इतके जुळलेले आहे, की हेन्री गेझमन यांची ऑटोस्ट्रॉप कंपनी 1930 मध्ये जिलेटमध्ये विलीन झाली आणि व्हॅलेट हा पक्का एकधारी रेझर त्या घरात आला, हे चटकन पटत नाही. ट्रीट हे नाव अमेरिकेत एकधारी पात्याच्या पुडीवर होते, आणि पाकिस्तानात त्याच नावाचे दुधारी ब्लेड घरोघरी माहीत आहे. नाव विकता येते, भाड्याने देता येते, नव्या मालावर चिकटवता येते. बैठकीचे तसे नसते, कारण ती बदलायची तर साचे बदलावे लागतात.

बैठक म्हणजे नेमके काय, ते वस्तू हातात घेतल्याशिवाय कळत नाही. कॅम्फेंच्या स्टारमध्ये जाड, पाचरीच्या आकाराचे पाते असते. वस्तऱ्याचा तुकडा कापून बसवावा तसे. ते टाकून द्यायचे नाही, धार लावून पुन्हा वापरायचे. खाली फेस साठायला पन्हळीसारखे वळण. नंतरच्या जेम आणि एव्हर-रेडीत पाते पातळ झाले, पण दुधारीच्या मानाने ते अजून जाडच: सुमारे 0.23 मिलिमीटर, म्हणजे दुधारी ब्लेडच्या दुपटीहून अधिक. त्याच्या पाठीवर पत्र्याचा कणा दुमडलेला असतो. वरचे बिजागरीचे झाकण उचलायचे, पाते आत सरकवायचे, मागची स्प्रिंग कण्याला पुढे रेटते आणि पुढचे दोन अडसर धारेची दोन टोके अडवतात. हे अडसर हजारांश इंचाने जरी झिजले तरी धार पुढे येते आणि गाल कापतो. म्हणून नोंदीत अडसरांची अवस्था लिहिलीच पाहिजे. जेमच्याच मायक्रोमॅटिकमध्ये बिजागरीचे झाकण जाऊन दोन दारे आली, जी दांड्याच्या बुडाचा गुंड फिरवला की दोन्ही बाजूंना उघडतात. व्हॅलेटमध्ये पाते न काढताच चामड्याची चामाटी डोक्यातून ओवून मागेपुढे ओढायची, पाते आपोआप कूस बदलते. रोल्सची तर तऱ्हाच न्यारी: चपटी धातूची डबी, एका झाकणात दगड, दुसऱ्यात चामडे. मधल्या दांड्याने पाते मागेपुढे ढकलले की ते दर फेरीला उलटते, आणि धार लागली की दांडा सोडवून त्यालाच जोडायचे. या सगळ्या रचना एकदा हातांनी ओळखता आल्या, की नाव घासले गेलेला रेझरही कुठल्या रांगेत ठेवायचा ते सांगता येते.

वयाच्या बाबतीत तर नाव आणि ठसा अधिकच फसवतात. डोक्यावरची पेटंटची तारीख ही कल्पना नोंदवल्याची तारीख असते, रेझर घडवल्याची नव्हे. एकदा साच्यात कोरलेली तारीख वर्षानुवर्षे मालावर उमटत राहते. संग्राहक ज्याला ‘1912’ म्हणतात तो एव्हर-रेडी 1912 नंतरही पुष्कळ काळ बनत होता. डबीवरचा पत्ता त्याहून बोलका. अमेरिकन सेफ्टी रेझरने 1954 मध्ये ब्रुकलिन सोडून कारखाना व्हर्जिनियात नेला, तेव्हा व्हर्जिनिया छापलेली डबी त्याआधीची असणे शक्य नाही. आणि इथे आपल्याकडच्या यादीला असा एक पुरावा मिळू शकतो, जो परदेशी सूचीत कधीच सापडणार नाही: विक्रेत्याचा शिक्का. इतवारीतल्या ठोक दुकानदाराने डबीच्या बुडाला इंग्रजी शिक्का मारला असेल, तर त्यात नागपूरनंतर काय लिहिले आहे ते पाहावे. ‘सी.पी.’ असेल तर तो बहुधा 1950 पूर्वीचा. ‘एम.पी.’ असेल तर 26 जानेवारी 1950 नंतर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्या काळाकडे बोट जाते. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. 440002 हा पिनकोड असेल तर 1972 च्या आधी जाताच येत नाही. किंमत नया पैशात असेल तर 1 एप्रिल 1957 च्या अलीकडे. एकाच डबीवर बनवल्याची, बांधल्याची आणि विकल्याची अशी तीन वेगवेगळी वर्षे असू शकतात. यादीत त्यांचे तीन रकाने हवेत. एका रकान्यात ‘साल’ लिहिणे म्हणजे त्यातली दोन गिळून टाकणे.

यावर आक्षेप येईल, की शिक्का काही न्यायालयातला पुरावा नव्हे. जुना रबरी शिक्का दुकानदार राज्य बदलल्यावरही वापरत राहतो. बरोबर आहे, आणि काटकसरी व्यापारी तो झिजेपर्यंत वापरणारच. म्हणूनच नवे नाव ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगते. जुने नाव ‘याच्या नंतरचे नाही’ असे सांगू शकत नाही. ही मर्यादा पाळली तर शिक्का दगा देत नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: घेणारा आणि विकणारा दोघेही ब्रँडनेच विचारतात. विचारू देत. शेवटी नावांची अकारविल्हे सूची जोडली, की त्यांची सोय होते. त्यासाठी मूळ मांडणी नावावर करायला नको. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. यातल्या बऱ्याच रेझरांचे दांडे आट्याने बसतात, त्यामुळे एकाचे डोके आणि दुसऱ्याचा दांडा असे जोडकाम पुष्कळ फिरते. अशा वस्तूची बैठक कोणाची धरायची? डोक्याची. दाढी डोक्याने होते. दांडा, डबी आणि पाते यांना पोटक्रमांक द्यावेत आणि ते मूळचे एकत्र होते असे गृहीत धरू नये. फार देखणा, संपूर्ण संच दिसला की मी उलट जास्त साशंक होतो.

आता सर्वांत जास्त वापरातल्या एकधारी वस्तूकडे वळतो, जी कुठल्याच यादीत नसते. सलूनमधला कारागीर दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो आणि त्यातला अर्धा तुकडा वस्तऱ्याच्या आकाराच्या स्टीलच्या धारकात सरकवतो. चामाटी आणि धोपटीतला जुना वस्तरा मागे पडला, त्यात 1990 च्या दशकात एड्सविषयी वाढलेल्या जागरूकतेचा मोठा हात होता. गिऱ्हाइकालाही डोळ्यांसमोर नवे ब्लेड मोडलेले पाहायला आवडते. शुद्धतावादी म्हणतील, याला संरक्षक कंगोरा नाही, मग हा सेफ्टी रेझर कसा? व्याख्येने नाहीच. तरीही पाते धरण्याच्या पद्धतीवर आखलेल्या यादीत त्याला शेजारची जागा सहज मिळते: सरकता दात्याचा कप्पा, अर्धे दुधारी पाते, संरक्षण नाही, कागदी वेष्टन पात्याच्या पुडीचे, धारकाचे नाव नाही. उपयोगी पडतील असे सगळे तपशील या नोंदीत आले. ब्रँडवार यादीत मात्र त्याचा रकाना पहिल्याच ठिकाणी कोरा राहतो, आणि अशा धारकावर बहुतेक वेळा काहीच कोरलेले नसल्याने तो पुढेही कोराच राहणार.