आठ वाटे

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या घराचं माळवद गळायला लागलं, तेव्हा ते उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं. गवंडी मिळाला, वाळू-सिमेंटचा हिशेब झाला; अडला तो कागद. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून मरहूम अब्बांचंच नाव होतं. कर्जासाठी साऱ्या वारसांच्या सह्या हव्या होत्या.

शरियतप्रमाणे हिशेब सोपा निघाला. घराचे आठ वाटे. अम्मीला एक, आम्हा दोघा भावांना दोन-दोन, तिघी बहिणींना एकेक.

एका नातेवाइकानं सुचवलं, "अब्बांनी तोंडी हिबा केला म्हणून सांगा. मुसलमानाला लेखी कागद लागत नाही."

ते खरंच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२९ तशी मुभा देतं. पण हिब्याला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्यानं जाहीर करणं, घेणाऱ्यानं कबूल करणं आणि ताबा देणं. यातलं काहीच घडलं नव्हतं.

मग दुसरा सल्ला आला: बहिणींकडून हक्कसोडपत्र नोंदवून घ्या. थोरली आपा म्हणाली, "सही करते रे. पण मग माहेरी पाहुणी म्हणून यायचं का?"

आम्ही साऱ्यांच्या नावे वारसनोंद केली. काम सहा महिने लांबलं.

शरियतच्या रक्षणासाठी आपण सभा गाजवतो. वाटणीच्या दिवशी मात्र बहिणीची सही 'राजीखुशी'नं घेतो. तेव्हा शरियत कुठं जाते?