दोन हाडं आणि एक टणक सीट

कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' ही विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा भरते. त्यातली सगळ्यांत जड फेरी म्हणजे एन्ड्युरन्स, साधारण 22 किलोमीटरची. निम्मं अंतर झालं की गाडी थांबते, पहिला चालक उतरतो, दुसरा बसतो, पट्टे आवळले जातात आणि गाडी पुन्हा निघते. या सगळ्याला तीन मिनिटं. निगडीचं पीसीसीओई असो की शिवाजीनगरचं सीओईपी, पुण्याच्या संघात एक चालक पाच फूट चार इंचांचा आणि दुसरा सहा फुटी असं जोडपं सहज निघू शकतं. सीट मात्र दोघांत एकच.

अशा वेळी घाईघाईने जी वस्तू बाहेर येते आणि तिच्या जागी दुसरी आत जाते, ती म्हणजे सीटचा इन्सर्ट. चालकाच्या अंगाच्या मापाने ओतलेला फोमचा साचा. इंजिन, सस्पेन्शन, बॅटरी यांच्यावर मुलं रात्री जागवतात. इन्सर्ट बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात उरकला जातो. मग सराव संपवून उतरलेला चालक कंबर धरून उभा राहतो आणि सगळे म्हणतात, रेसिंगची सीट आहे, टणकच असणार.

प्रस्तुत लेखक फोम आणि बैठकांच्या धंद्यात मुरलेला असल्यामुळे कुणी हौसेने बांधलेली गाडी दाखवायला आणली, की त्याचं लक्ष इंजिनाआधी सीटकडे जातं आणि बांधणाऱ्याचा चेहरा पडतो. इंजिनाचं कौतुक मागाहून होतंच. पण त्याचं ठाम मत असं, की सीट टणक आहे म्हणून दुखत नाही. तिचा आकार चुकलाय म्हणून दुखते.

टणक सीटचं घराणं जुनं आहे. 1957 साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमनने लोटस सेव्हन आणली. सुट्या भागांच्या रूपात विकत घेऊन घरच्या गॅरेजमध्ये जोडता येईल अशी ती गाडी. वजन वाचवणं हा चॅपमनचा धर्मच होता, त्यामुळे बैठक म्हणजे तळावर ठेवलेली उशी आणि पाठीला टेकण, इतकाच थाट. 1973 मध्ये त्या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले. 1996 मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी याचं पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या हौशींनी चौकोनी पाइप कापायला घेतले. आपल्याकडे अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने त्याच वळणाची रोडस्टर बांधली. अंग फायबर ग्लासचं, इंजिन ॲम्बेसिडरला शोभलेलं 1.8 लिटरचं इसुझू. या साऱ्या गाड्यांत माणूस जमिनीपासून वीतभर उंचीवर, पाय लांब करून बसतो. चार इंचांची गुबगुबीत गादी घालायला तिथे जागाच नसते. घातलीच तर डोकं रोल बारच्या वर जातं.

विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला गाड्यांना यावर नियमच आहे. 'पर्सी' नावाचा एक सपाट पुतळा गाडीत बसवून पाहतात. नितंबांच्या जागी 200 मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ, खांद्यांच्या जागी तेवढंच, डोक्याच्या जागी 300 मिलिमीटरचं. शंभरांतल्या पंचाण्णव पुरुषांहून मोठा असा हा गडी. त्याच्या डोक्यावर ठरलेलं अंतर राहिलं नाही, तर गाडी तपासणीतूनच परत. वर आणखी एक अट: चालकाला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं पाहिजे. सीट अंगाला घट्ट हवी, पण अडकवणारी नको. आरामाचा विचार या चौकटीतच करावा लागतो.

आता दुखतं का, ते पाहू. बसल्यावर ओटीपोटाच्या हाडांची दोन टोकं खाली टेकतात. हात खाली घालून बसा, लगेच लागतील. सपाट फायबरच्या तळावर धडाचं बहुतेक वजन या दोन टोकांवर येतं. वजन बदलत नाही, ते पेलणारं क्षेत्रफळ तेवढं उरत नाही आणि अर्ध्या तासात माणूस कुल्ले बदलायला लागतो. त्यावर उपाय म्हणून तळावर इंचभर फोम चिकटवला, तर त्या दोन जागी तो दबून पुठ्ठा होतो आणि बाकीच्या जागी नुसताच फुगलेला राहतो.

उपाय उलट्या बाजूने सुरू होतो. सीटचा पुढचा भाग वर उचलून मांड्यांना खालून आधार दिला, की हाडांवरचा भार आपोआप कमी होतो. पाठ मागे कललेली असेल तर कंबरेच्या खोलगट जागी भरीव आधार लागतो; तो नसेल तर ओटीपोट पुढे घसरतं आणि माणूस शेपटीच्या हाडावर येऊन बसतो. पुढचा उंचवटा इथेही कामी येतो. धडकेत शरीर कंबरपट्ट्याखालून पुढे सरकू नये म्हणून रेसिंग सीटला तो मुद्दाम ठेवलेला असतो. कोथरूड किंवा भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये नवी सीट बनत असेल तर फायबरचा साचा काढण्याआधी थर्माकोल आणि पुठ्ठ्याची नकली सीट करून त्यात निवांत बसावं. मोबाइल बघत बसलं तरी चालेल. त्या बसण्यात जे कळतं ते कॅडच्या पडद्यावर कळत नाही.

आकार जमला की फोम. आणि इथे पुणेकर थेट नाना पेठेत जातो.

सुटे भाग, सीट कव्हर, रेक्झिन यांच्या त्या गल्ल्यांत संवाद ठरलेला असतो. "काका, चाळीस डेन्सिटीचा आहे का?" "चाळीसच आहे. दाबून बघा की!" पोरगा अंगठ्याने दाबतो, घट्ट लागतो, पैसे देतो. वास्तविक दाबून कळतो तो कडकपणा, डेन्सिटी नव्हे. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं वजन: चाळीस डेन्सिटी म्हणजे घनमीटरला 40 किलो. हलका फोमही रसायनांची मात्रा बदलून कडक करता येतो, आणि जड फोम मऊ. कडक पण हलका फोम दुकानात छान वाटतो आणि काही महिन्यांत बसका होतो. खात्री करायची सोपी रीत वजनकाटा. एक फूट बाय एक फूट, चार इंच जाडीचा तुकडा चाळीस डेन्सिटीचा असेल तर 375 ते 380 ग्रॅम भरला पाहिजे. 300 च्या आसपास भरला तर तो बत्तीसचा. दुकानदार रागावत नाही. उलट पुढच्या वेळी खरा माल आतून काढून देतो.

स्पोर्ट्स कारच्या सीटला मात्र नुसता पीयू फोम नको. तळाला इंचभर रिबाँडेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला जड फोम, आणि त्यावर अर्धा इंच मऊ थर, ही जोडी चांगली टिकते. मेमरी फोमबद्दल पोरांना भारी आकर्षण. 1966 साली अमेरिकेत नासाच्या कामातून तो जन्मला, त्यामुळे नावाला वलय आहे. पण तो तापमानावर चालतो: थंडीत घट्ट, उन्हात ढिला. पुण्यातल्या एप्रिलमध्ये उघड्यावर उभ्या गाडीत पातळ मेमरी फोम पार बसतो आणि हाड पुन्हा फायबरला टेकतं. वरच्या थरासाठी, आणि तोही झाकलेल्या गाडीत, एवढीच त्याची जागा.

जाड मऊ गादीविरुद्ध आणखी एक कारण आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. माणसाचं बसलेलं शरीर उभ्या धक्क्यांना सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या टापूत सगळ्यांत जास्त हैराण होतं. पोट, पाठीचा कणा सगळं त्या तालावर हलायला लागतं. जाड फोमवर माणूस बसला की ती जोडीही साधारण चारच्या आसपास डोलते. म्हणजे नको तेच धक्के गादी वाढवून देते. पातळ, अंगाला बसलेली सीट धक्के कमी करत नाही, पण वाढवतही नाही. सिंहगड रोडच्या स्पीड ब्रेकरवर मऊ सीटची गाडी जास्त उडवते असं वाटतं, ते नुसतं वाटणं नसतं.

इन्सर्ट ओतण्याचं काम पाहण्यासारखं असतं. सीटच्या तळाला जाड प्लास्टिकची पिशवी, चालक हेल्मेट घालून, स्टिअरिंग धरून, पाय पेडलवर ठेवून बसलेला. दोन द्रव एका बादलीत मिसळून पिशवीत ओततात. थोड्याच वेळात ते फुगायला लागतं, गरम होतं आणि अंगाभोवती चढतं. सगळं एकदम ओतलं तर फोम चालकालाच वर उचलतो आणि डोक्यावरची जागा जाते. म्हणून दोन-तीन हप्त्यांत ओतायचं, आधी पाठीखाली, मग बाजूंना. या वेळात चालकाने हलायचं नाही, हसायचंही नाही. भोवती मित्र उभे असले की हे सर्वांत अवघड. घट्ट झाल्यावर हॅक्सॉ ब्लेडने कडा तासायच्या, काखेखालचा भाग थोडा जास्तच, कारण स्टिअरिंग फिरवताना कोपर तिथेच अडतं. दुसऱ्या चालकासाठी हेच पुन्हा. दोन्ही इन्सर्टची पाठ मात्र सीटला सारखीच बसली पाहिजे, नाहीतर ती तीन मिनिटं शिव्या देण्यात जातात.

हे काम बंद खोलीत करू नये. त्या दोन द्रवांपैकी एकात आयसोसायनेट असतो; त्याची वाफ श्वासनलिकेला धरते आणि एकदा ॲलर्जी बसली की आयुष्यभर पाठ सोडत नाही. हातमोजे, वाफेसाठीचा मास्क आणि उघडं शेड, यात काटकसर नको. उघडा पीयू फोम जळतोही झपाट्याने, आणि त्याचा धूर विषारी असतो. त्यामुळे आग न धरणाऱ्या कापडाचं कव्हर हवंच, आणि टाकी व इंजिनाच्या बाजूला फायरवॉल.

कव्हरला रेक्झिन घालू नये, हे लेखकाचं वैयक्तिक वैर समजा. स्वच्छ करायला सोपं, पण घाम कुठेच जात नाही, आणि पाठ ओली झाली की माणूस सीटमध्ये सरकतो. हवा खेळणारी थ्रीडी मेश जाळी वर आणि बाजूंना घट्ट कापड, टाके बसण्याच्या जागेपासून दूर. नेमक्या हाडाखाली पायपिंग आणणारे कारागीर अजूनही भेटतात.

राहता राहिला रस्ता. हौसेने शून्यातून बांधलेली गाडी आपल्याकडे सहजी नोंदली जात नाही, आणि कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे यातल्या बहुतेक गाड्यांची कसोटी ट्रॅकवर किंवा कॉलेजच्या आवारातच लागते. नोंदणी असलेल्या गाडीची सीटसुद्धा फ्रेमपासून बदलण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं. इन्सर्ट किंवा उशी ही वेगळी गोष्ट, ती काढता येते.

एक विनंती तेवढी ऐका. सीटमध्ये काहीही भरलंत, अर्धा इंच का असेना, की पट्टे नव्याने लावा. धडकेत मऊ फोम दबतो आणि तेवढा पट्टा ढिला पडतो. कंबरपट्टा पोटावर न येता ओटीपोटाच्या हाडावर बसतोय का, खांद्याचे पट्टे फार खालून ओढत नाहीत ना, हे चालकाला आत बसवून, हेल्मेटसकट पाहा. मगच गाडी बाहेर काढा.