पान बेरीज

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मावशीचा फोन आला. मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. "तू त्याच कंपनीचं काम करूलालास म्हनं. आमच्या गल्लीत समद्यांना बियाण्याचा मेसेज आला, मला काही आला नाही बघ. मी तर किती सालापासून त्यांनाच सोयाबीन घालते."

"बघतो मावशी," म्हणालो आणि विसरलो. दोन दिवसांनी आठवण झाली तेव्हा निव्वळ कुतूहल म्हणून शोधलं. यादीत मावशी नव्हती. कच्च्या फाइलमध्ये होती, तीही दरवर्षी. म्हणजे मधल्या वाटेत कुठेतरी गळाली होती, आणि ती मधली वाट मीच लिहिली होती.

काम असं होतं. एका कंपनीची धान्यखरेदीची केंद्रं उदगीर, देगलूर, अहमदपूर भागात आणि बाहेरही होती. तिथल्या फॉक्सप्रोच्या जुन्या प्रोग्रामने रोजच्या खरेदीचे रिपोर्ट कागदावर छापण्याऐवजी टेक्स्ट फाइलमध्ये ओतून ठेवले होते. मूळ डेटाबेस केव्हाच गेला, उरले ते हे रिपोर्ट. कुणीतरी ते एकामागे एक जोडून सहा जीबीची एकच फाइल करून दिली. सहा जीबीला बिग डेटा म्हणावं का हा वेगळा प्रश्न, पण क्लस्टरचे पैसे आधीच भरलेले होते. त्यातून जुने, नेमाने माल घालणारे शेतकरी काढायचे आणि खरिपात त्यांना बियाणं उधारीवर द्यायचं, असा बेत.

क्लस्टर हडूपचा, त्यावर पिग. हडूप हे नाव डग कटिंगच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचं. पिग याहूमध्ये तयार झालं, आणि त्याच्या कर्त्यांनी अभिमानाने सांगून ठेवलंय की डुक्कर काहीही खातं, तसं हे साधन कुठलाही डेटा खातं. खातं हे खरं, पण घास तुम्ही करून द्यायचा. तो घास करून देणाऱ्या कोडला म्हणतात लोडर. कॉमा किंवा टॅबने तोडलेली फाइल असेल तर तयार लोडर मिळतो. आमच्यासारखी फाइल असेल तर जावामध्ये स्वतः लिहावा लागतो.

त्यातली मुख्य गंमत तुकड्यांची. हडूप मोठी फाइल साधारण १२८ एमबीच्या तुकड्यांत वाटतं, म्हणजे आमच्या सहा जीबीचे अठ्ठेचाळीस तुकडे, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या कामगाराकडे जातो. तुकडा पडताना हडूप नोंद बघत नाही, फक्त बाइट मोजतं. ओळीच्या मधोमधही सुरी चालते. म्हणून नियम असा: पहिला सोडून प्रत्येकाने आपल्या तुकड्यातली पहिली अर्धवट ओळ सोडून द्यायची, आणि शेवटची ओळ पुढच्याच्या हद्दीत शिरून पूर्ण करायची. शेजाऱ्याच्या शेतात दोन पावलं टाकून आपली पात पुरी करावी तसं. एक ओळ म्हणजे एक नोंद असेल तोवर हे झकास चालतं.

पिगच्या लोडरमध्ये गेटनेक्स्ट नावाचं एक फंक्शन असतं. दरवेळी हाक मारली की त्याने पुढची नोंद द्यायची. त्याने नल दिला की पिग समजतं, माल संपला. नवशिके इथे फसतात. मोडकी ओळ आली की नल देतात आणि अख्खा उरलेला तुकडा मुकाट्याने गायब होतो. मला हे ठाऊक होतं. मी फिरतं चक्र लिहिलं: पावती क्रमांक नाही, रक्कम नाही, तर ती ओळ सोड आणि पुढची घे. पानाची शीर्षकं, रेघा, तळातल्या बेरजा, सगळा कचरा एका अटीत साफ. रिव्ह्यूमध्ये सीनियरने अंगठा दिला. मीही खूश होतो.

मावशीची नोंद उघडून बघितली तेव्हा कळलं. रिपोर्टमध्ये नावाचा रकाना अठ्ठावीस खणांचा. पुरुषांची नावं बहुतेक त्यात बसायची. बायकांच्या नावात आपल्याकडे मध्ये 'भ्र.' येतं, म्हणजे भ्रतार. मुस्लिम बायकांच्या नावात 'जौजे' येतं. निजामाच्या काळात उर्दूतून चाललेल्या कारभाराची ही खूण कागदांवर अजून आहे. बाईचं नाव, मग भ्र., मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. रकाना संपायचा आणि उरलेलं नाव खालच्या ओळीत उतरायचं. प्रोग्राम वजन, भाव आणि रक्कम शेवटच्या ओळीवर छापायचा. म्हणजे वरच्या ओळीत पावती क्रमांक, पण रक्कम नाही. खालच्या ओळीत रक्कम, पण क्रमांक नाही. माझ्या चक्राने दोन्ही ओळी कचरा म्हणून सोडल्या.

गाळलेल्या ओळी वेगळ्या काढून बघितल्या. लांब नावाचे काही पुरुष होते. बाकी बाईच्या मागे बाई. त्यांतल्या विधवा किती हे फाइल सांगत नव्हती, पण स्वतःच्या नावावर मोंढ्यात माल घालणारी बाई आमच्याकडे सहसा कोण असते हे मला फाइलने सांगायची गरज नव्हती.

शनिवारी रात्रीची गाडी धरून उदगीरला गेलो. उदगीर म्हटलं की लोकांना किल्ला आणि १७६० ची लढाई आठवते, नाहीतर २०२२ चं साहित्य संमेलन. मला मोंढा आठवतो, कारण मामा तिथे एका आडतीवर मुनीम आहेत आणि शाळा सुटली की मी कट्ट्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायचो. लॅपटॉपवर रिपोर्टचं एक पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. अक्षरं जुन्या फॉन्टची असल्याने आधी रूपांतर करून दाखवावं लागलं.

मामांनी चष्मा वर केला, पान वरून खाली बघितलं आणि थेट तळाशी बोट ठेवलं. "ही पान बेरीज. जुळविली का?"

मी गप्प. ती ओळ मी कचऱ्यात टाकली होती.

"अरे, वर काय बी गडबड झाली तरी हितं कळतंय. त्यासाठीच तर असती ती."

प्रत्येक पानाच्या तळाशी एकूण वजन आणि एकूण रक्कम छापलेली होती. तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने तपासणीची सोय फाइलमध्येच करून ठेवली होती. एवढंच नाही, नंतर लक्षात आलं की दोन ओळींची नोंद त्याने कधीच दोन पानांत फुटू दिली नव्हती. पान संपत आलं तर ती अख्खी पुढच्या पानावर ढकलायचा. तो कोण होता माहीत नाही. माझ्यापेक्षा बरा इंजिनिअर होता.

पुण्याला परतून लोडर पुन्हा लिहिला. खरं तर बराचसा खोडला. हडूपमध्ये ओळ कुठे संपते हे सांगायची एक साधी सेटिंग असते. तिथे मी पान उलटण्याचं जुनं प्रिंटर चिन्ह, फॉर्म फीड, दिलं. मग हडूपच्या लेखी एक अख्खं पान म्हणजे एक नोंद झाली आणि तुकड्यांच्या हद्दीचं भांडण त्याचं त्याने मिटवलं. पानाच्या आतल्या नोंदी जोडायच्या आणि शेवटी बेरीज जुळवायची, एवढंच माझ्याकडे उरलं.

जोडण्यातही एक खोच होती. या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, दिसायला कुठेही दिसो. आता 'निवृत्ती' हे नाव ओळीच्या टोकाला असं तुटलं की वेलांटी वर आणि 'न' खाली. ओळी आधी युनिकोडमध्ये बदलून मग जोडल्या, तर वर एक पोरकी वेलांटी उरते आणि खाली 'नवृत्ती'. आधी जोडायचं, मग बदलायचं. हे कळायला माझे दोन दिवस गेले.

तरी काही पानांची बेरीज जुळेना. मामांना फोनवर विचारलं, काय करू, सोडून देऊ का? "सोडतो कशाला? उचंत खाती टाक. सवडीनं बघू." जो हिशेब लागत नाही तो पुसायचा नाही, वेगळ्या खात्यात धरून ठेवायचा. क्लस्टरवर त्या नावाचा एक फोल्डर केला. बंगळुरूच्या सहकाऱ्याने विचारलं, ही उचंत कुठली लायब्ररी आहे?

चूक मी मेल करून स्वतः कळवली. उत्तर सभ्य होतं: पुढच्या हंगामापासून यादी बदलू. खरिपाचं बियाणं तोवर वाटून झालं होतं. मावशीने ते मोंढ्यातून व्याजाने उचललं. तिला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि जेवलास का विचारलं.

हरभऱ्याच्या वेळी तिला मेसेज आला. नातवाने स्क्रीनशॉट पाठवला. व्यावसायिक एसएमएसच्या टेम्प्लेटमध्ये एका रिकाम्या जागी ठरावीकच अक्षरं बसतात आणि त्यात काना-मात्राही मोजतात. मावशीचं नाव होतं, आडनावाचा शेवट सोडून.